साखळी, पियानो आणि लोखंडी खाट

...आणि वर पुन्हा मलाच विचारतात, बघावी का हो ती मालिका? अहो, मी किल्ल्या बनवतो! माणूस कुलूप घेऊन येतो, मी किल्ली करून देतो, तो जातो, एवढाच माझा समाजाशी संबंध. पण आता सगळ्या गल्लीला कळलंय की त्या थाई मालिकेपायी आमच्या घरात हाणामारी झाली, खाट मोडली, एकाचं नाक फुटलं... त्यामुळे जो येतो त्याची किल्ली राहते बाजूला आणि हळूच काउंटरवर वाकून विचारतो, "काका, ती दोन पोरांची मालिका... बघण्यासारखी आहे का?" बघावी का? सांगतो, थांबा जरा!

आता तुम्हाला सांगतो, दोन पोरं एकमेकांवर प्रेम करतात याबद्दल माझी काडीची तक्रार नाही. करा बाबांनो! लोक एकमेकांचे गळे धरतात तेव्हा कोणी काही बोलत नाही, मग दोन पोरांनी हात धरले तर माझं काय जातं? माझं भांडण आहे साखळीशी. त्यातला एक आहे गुंडांच्या टोळीचा धाकटा मालक. सदा काळा कोट. भर उन्हात काळा कोट, आणि घाम म्हणून नाही! दुसरा गरीब स्वयंपाकी. तर हा काळा कोट त्याला पळवून आणतो, मुस्काटात भडकावतो, साखळीने पलंगाला बांधतो आणि पुढे जे करतो ते... जाऊ दे, ते माझ्या तोंडून निघायचं नाही. तो बिचारा 'नको, नको' म्हणतोय, आणि मागे काय वाजतंय? पियानो! म्हणजे पियानो वाजला की गुन्हा माफ! आणि आमची ही इस्त्री करता करता डोळे पुसतेय. म्हटलं, "अगं, रडतेस काय, पोलीस कुठायत ते विचार!" तर म्हणते, "तुम्हाला नाही कळायचं. त्याचं लहानपण फार वाईट गेलंय हो." लहानपण! माझं काय राजवाड्यात गेलं? मी कधी बांधलं का तुला खाटेला? तर म्हणे, "तुम्हाला कुठे एवढी ओढ!" घ्या!

बरं, वाईट आहे म्हणून सोडून द्यावी, तर तेही होत नाही ना! कारण पुढे त्या स्वयंपाक्याला ताप येतो, आणि हा काळा कोट, ज्याने तोवर निम्मं शहर गोळ्या घालून संपवलंय, तो त्याच्यासाठी अंडं फोडायला जातो. फुटतच नाही! फुटलं की कवच पातेल्यात, बलक कोटावर, आणि चेहरा असा केविलवाणा... खरं सांगतो, मी उठून तोंड धुऊन आलो. हिला सांगितलं, डोळ्यात काहीतरी गेलं. मग बघावी का? अहो, तेच तर सांगतोय!

खरी गोष्ट अशी की मला चिंता मालिकेची नव्हतीच. चिंता पोरीची होती. आमची लेक दातांच्या दवाखान्यात बसते, पेशंटला वेळ देते, तिथल्या पेशंटपेक्षा जास्त बोलायची. पण गेले काही महिने घरी आली की खुर्चीत पाय पोटाशी घेऊन बसायची, एवढ्या उकाड्यात लांब बाह्या, आणि ती मालिका. तिने एक मुलगा पसंत केलेला, गाड्यांच्या शोरूममध्ये विकायला असतो, म्हणून मी त्याला शोरूमच म्हणतो. दिसायला चकाचक, बोलायला गोड, आला की "काकू, काही आणू का?" ही खूश! पण पोरीचा फोन दर थोड्या वेळाने वाजायचा आणि वाजला की पोरगी दचकायची. एकदा तो काळा कोट त्या पोराला भिंतीवर आपटत होता, तेव्हा ती हळूच मला म्हणाली, "बाबा, राग येतो म्हणजे जीव आहे म्हणूनच ना?" मी टीव्हीचा आवाज बारीक केला. पण बापाला कुठे धड बोलता येतं?

म्हणून त्या रविवारी दुपारी मी ठरवलं, बोलायचं नाही, करूनच दाखवायचं. तिकडे स्वयंपाकी साखळीत पडल्या पडल्या गोड हसत होता. मी म्हटलं, "साखळीत माणूस हसतो का? बघ आता!" दुकानातून आणलेली साखळी घेतली, हॉलमधल्या लोखंडी खाटेला गुंडाळली, दुसरं टोक मनगटाला, आणि नवं कुलूप... खट्! आता आमच्या धंद्यातला पहिला नियम काय? नवी किल्ली आधी उघड्या कुलपात फिरवून बघायची, मगच कुलूप दाबायचं. आयुष्यभर मी हे पाळलं. आणि त्या दिवशी, बायको-पोरीला शहाणपण शिकवायच्या नादात, दाबलं की हो! किल्ली फिरेना. जोर लावला. मोडली! अर्धी आत, अर्धी हातात. आणि अडकला कुठला हात? उजवा! कुलूप उघडायचं ते उजव्या हाताने. डावा हात माझा नाक खाजवायच्याही कामाचा नाही.

म्हटलं, "अगं, दुकानात जा, मोठी कात्री आण, ती लोखंड कापायची." तर ही म्हणते, "हा एवढा भाग संपू द्या." नवरा साखळीत, आणि हा एवढा भाग! तो संपला, दुसरा आपोआप सुरू झाला. बघावी का म्हणता? मला कोणी विचारलं का, बघणार का म्हणून? मी बांधलेला होतो!

आणि तेवढ्यात दारात शोरूम. घामाघूम, डोळे लाल. "फोन का नाही उचलला? सकाळपासून का नाही उचलला?" पोरगी म्हणते, "चार्ज नव्हता." तो थेट आत आला, तिचं मनगट धरलं आणि ओढलं. "चल. बाहेर चल, बोलायचंय." पोरगी म्हणाली, "नको." आणि तुम्हाला सांगतो, त्याच क्षणी टीव्हीवर पियानो सुरू झाला.

मग माझं टाळकंच सटकलं! मी उडी मारली आणि माझ्याबरोबर खाट निघाली. मी पुढे, खाट मागे, गादी घसरली, टीपॉय उलटला, आणि मी डाव्या हाताने त्याची कॉलर धरली. त्याने मला ढकललं, मी खाटेवर, खाट भिंतीवर, पाय मोडला! खाटेचा हो, माझा नाही. तोच पाय उचलला आणि दिला त्याच्या पाठीत! तो ओरडतोय, "काका, माझं प्रेम आहे हो तिच्यावर!" मी म्हटलं, "माझंही आहे!" आणि दुसरा ठेवून दिला. इकडून ही गरम इस्त्री घेऊन धावली. वायर भिंतीतच होती, ताणली गेली, आणि इस्त्री त्याच्या नाकापासून बोटभर अंतरावर थांबली. वायर आखूड म्हणून बचावला बघा! टीव्हीवर गोळीबार, हॉलमध्ये आम्ही, तरी तो पोरीचं मनगट सोडायला तयार नाही. शेवटी पोरीने दुसऱ्या हाताने त्याच्या नाकावर असा गुद्दा हाणला... भळाभळा रक्त! सोडलं मग. नाक धरून जिना उतरला, तो गेला तो गेला.

ही दुकानात धावली, कात्री आणली, साखळी तोडली. माझं मनगट काळंनिळं झालेलं. पोरगी ते बघत बसली. मग हळूच तिने आपली बाही वर केली. तसेच डाग. नवे, जुने, पिवळे पडलेले. मी माझा हात तिच्या हाताशेजारी ठेवला आणि ढसाढसा रडलो, आणि या वेळी डोळ्यात काही गेलं नव्हतं.

ही म्हणाली, "बंद करते ती मालिका." तर पोरगी म्हणते, "नाही आई. बघायचीय मला."

तर बघतो आम्ही. दुसरी मालिकाही लावलीय, तीही तसलीच, त्यातही कोणीतरी कोणालातरी डांबून ठेवतंय. फरक एवढाच, की आता कोणी कोणाचं मनगट धरलं की आमची पोरगी ताडकन उभी राहते, थेट टीव्हीसमोर जाते आणि ओरडते, "सोड! सोड म्हणतोय ना तो! अरे, गुद्दा मार!" मग तिची आई उठते, तीही ओरडते. खालची अक्षरं मला दिसत नाहीत, माणसं दिसत नाहीत, कोण मेलं, कोणाचं जुळलं, पत्ता लागत नाही. बघावी का म्हणता? बघा की! चांगली आहे म्हणतात. मला काय, मला हल्ली नुसत्या दोघींच्या पाठीच दिसतात!