कंबरेतली उसण आन आठ डॉक्टर

म्हने, "काका, अंग सैल सोडा!" वा रे सर! आठ डॉक्टर कंबरेवर जोर करून राहिले, तं सैल काय सोडू, जीव?

काय झालं आयक सुखदेव. कंबरेत उसण भरली म्हनून अमरावतीले गेलो. तिथं डॉक्टर लोकाइचं पुढचं शिक्षण चालू होतं, हातानं दाबून-वळवून सांधे मोकळे करायचं. शिकासाठी मलेच टेबलावर पालथं घातलं. एक डॉक्टरीनबाई म्हने, "काका, दुखण्याला दहापैकी किती मार्क द्याल?" म्या म्हटलं, "बाई, मी मास्तर हावो का?"

मोठे सर त्याइले सांगे, "पेशंटशी आपुलकीनं बोला." मंग आठही जनाइनं पाळीपाळीनं दाबलं, आन सर दरवेळी त्याइलेच इचारे, "कसं वाटलं?" मले एकानंबी नाई इचारलं!

शेवटी सर म्हने, "बघा, मी दाखवतो." माहा पाय धरून वाकले, आन तसेच राहिले. त्याइच्याच कंबरेत उसण भरली! आठही डॉक्टर वह्या चाळून राहिले. म्या पालथ्या-पालथ्याच म्हटलं, "सर, अंग सैल सोडा! आन एखादा पायाळू पाहा. पायाकडून जलमलेल्याची लाथ बसली का उसण जाते."

सारे हासले. सर नाई हासले. हळूच माह्या कानात म्हने, "तुमच्या गावात आहे का कोणी?"

आता ते बाहेर गाडीत वाकडे बसले हायेत. गावात पायाळू तू एकटाच. चाय ठेव खाली. ऊठ, पयले मले लाथ मार, मंग त्याइले.