उजवीकडच्यांची विश्रांती

टायपिस्ट : थांबा साहेब, हे संघटनेचं निवेदन आहे की विमानातली घोषणा? ‘वैमानिक संघटना लवादाच्या निवाड्याचं स्वागत करते. काही सदस्यांना किंचित गैरसोय जाणवेल.’ पुढे पट्टे आवळायला सांगू का?

कॅप्टन : बाई, उभं आयुष्य मी याच आवाजात बोलत आलोय.

भाची : हो, एकदा इंजिन बंद पडलं तेव्हाही मागच्या लोकांना म्हणालात, ‘आता थोडी शांतता जाणवेल.’

कॅप्टन : घाबरलं का कोणी?

भाची : मी. शेजारी बसले होते ना.

कॅप्टन : तू इथे काय करतेस? आज तुझी राखीव ड्यूटी आहे.

भाची : म्हणजे लवादसाहेबांच्या मते मी आत्ता विश्रांती घेतेय. बघा, कशी मस्त लोळतेय.

टायपिस्ट : गणवेश घालून?

भाची : कंपनीचा फोन आला की तासाभरात विमानतळावर उभं राहायचं, ताई. म्हणून शर्ट अंगात आणि बॅग हातात. अंघोळीला गेले तरी फोन साबणाशेजारी. सर्दी झाली तरी गोळी घ्यायची नाही, झोप येते. आणि दिवसभर फोन आलाच नाही, तर त्या दिवसाचा पैसा नाही. यावर आपण दीड वर्ष भांडलो. निवाड्यात काय आलं, वाचा ना मामा. मला पाठ आहे, तरी तुमच्या तोंडून ऐकू दे.

कॅप्टन : ‘राखीव वैमानिक स्वतःच्या घरी असल्याने तो विश्रांती घेत आहे असे समजण्यात यावे.’

टायपिस्ट : हे लवादसाहेब सुनावणीत घोरत होते. साक्षीदाराला मोठ्याने बोला म्हणून सांगावं लागलं मला.

भाची : ते घोरले, ते काम. मी जागी, ती विश्रांती. आणि त्या घोरण्याचं अर्धं मानधन आपल्या वर्गणीतून गेलं.

कॅप्टन : जिभेला हाड असू दे जरा. कॅप्टनांना चांगली घसघशीत वाढ दिलीय त्यांनी.

भाची : तेच म्हणतेय मी. डावीकडच्या, कॅप्टनच्या खुर्चीला लोणी दिलंत, उजवीकडच्या खुर्चीला निदान ताक तरी द्या. राखीव ड्यूटी कोणाच्या बोडक्यावर? आम्हा सहवैमानिकांच्या. वर्गणी भरणारे बहुतेक उजवीकडचे, समितीत बसणारे झाडून सगळे डावीकडचे.

टायपिस्ट : समितीचं नावच काढू नका. सकाळी जमले, वाढीचा आकडा बघून मिशीत हसले आणि ठराव केला, ‘निर्णयाचे सर्वाधिकार अध्यक्षांना.’ चहाचे कपसुद्धा विसळले नाहीत.

कॅप्टन : विश्वास टाकलाय त्यांनी माझ्यावर.

टायपिस्ट : विश्वास कसला डोंबलाचा. धोंड बांधलीय गळ्यात. कंपनीनं होकार कळवून टाकला. खाली पत्रकार खोळंबलेत. आपण संध्याकाळपर्यंत हो म्हटलं तर निवाडा लागू. नाही म्हटलं तर वाढही गेली, नवा लवाद, पुन्हा श्रीगणेशा.

कॅप्टन : ऐकलंस? हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागू? मिळतंय ते घेऊ. बाकीच्यासाठी पुढे भांडू.

भाची : पुढे कोण भांडणार? तुम्ही तर वर्षअखेरीस निवृत्त होताय.

टायपिस्ट : पेन्शन शेवटच्या पगारावर ठरतं ना, साहेब?

कॅप्टन : बाई, तुम्ही टाइप करा.

टायपिस्ट : करतेय की. विचारलं आपलं.

कॅप्टन : ठरतं. मिळालं समाधान? निवाडा नाकारला तर मी जुन्या पगारावर घरी जाणार. घराचे हप्ते बाकी आहेत. सततच्या उड्डाणांमुळे तुझ्या मामीच्या घरात मी आजवर पाहुण्यासारखा राहिलो, आता कुठे तिच्यासमोर ताठ बसायची वेळ आलीय.

भाची : मामीला विचारलंत?

कॅप्टन : तिला कशाला काळजीत टाकायचं?

भाची : मामा, हे चुकतंय.

कॅप्टन : बाई, लिहा. ‘संघटना हा निवाडा स्वीकारत असून...’

भाची : कॅप्टन, हे चुकतंय.

(कॅप्टन भाचीकडे वळतो.)

टायपिस्ट : ‘स्वीकारत असून’ पुढे काय? आणि मामाचा एकदम कॅप्टन कसा झाला?

कॅप्टन : दुसऱ्यांदा बोलली ती.

टायपिस्ट : मग? आमच्या घरी दहादा सांगितलं तरी कोणी कूस बदलत नाही.

भाची : विमानात कॅप्टन चुकत असला तर सहवैमानिकानं सांगायचं, ताई. ऐकलं नाही तर दुसऱ्यांदा सांगायचं. तरीही नाही ऐकलं, तर विमान आपल्या हातात घ्यायचं. तिसऱ्यांदा सांगत बसायचं नाही. हे मला शिकवलं कोणी, तेही विचारा.

टायपिस्ट : विचारायला कशाला हवं? तोंडावर लिहिलंय त्यांच्या.

कॅप्टन : ते धावपट्टी समोर असते तेव्हा. कागदाला लागू नाही.

भाची : परवा पहाटे धावपट्टी समोर होती. उतरताना तुम्ही मला काहीतरी विचारलंत, मी उत्तर दिलं नाही. आठवतं?

कॅप्टन : आठवतं. निवाड्यावरून रुसली असशील म्हटलं.

भाची : झोपले होते.

कॅप्टन : काय?

भाची : या महिन्यात कंपनीचा फोन आला बोटांवर मोजण्याइतक्या वेळा. खोलीचं भाडं कशातून देऊ? सुट्टीच्या दिवशी टॅक्सी चालवते मी. आदल्या रात्रीही चालवली होती. मागे अख्खं विमान भरलेलं होतं, मामा.

कॅप्टन : आणि हे तू मला आज सांगतेस?

भाची : विश्रांती घेत होते ना. वेळ नाही मिळाला.

टायपिस्ट : साहेब, पाणी देऊ?

कॅप्टन : नको. आज फोन आला तर दमलेय म्हणून कळव. जायचं नाही. बाई, लिहिलंय ते सगळं पुसा.

टायपिस्ट : किंचित गैरसोयसुद्धा?

कॅप्टन : तीच आधी. लिहा, ‘निवाडा अमान्य. राखीव ड्यूटीचा पगार मिळेपर्यंत कॅप्टनही वाढ घेणार नाहीत.’

टायपिस्ट : समितीतले डावीकडचे तुम्हाला कच्चे खातील.

कॅप्टन : सर्वाधिकार दिलेत ना? सगळे वापरतो. पण आधी घरी फोन करू द्या. तिला हे पत्रकारांकडून कळायला नको.

भाची : मामी चिडेल.

कॅप्टन : चिडू दे. मी याच आवाजात सांगेन, थोडं हलल्यासारखं वाटेल म्हणून.

टायपिस्ट : त्या आवाजाला त्या भुलत असतील तर मी नोकरी सोडते. बरं, खाली टेबलामागे दोनच खुर्च्या आहेत.

भाची : मी बसते उजवीकडे. सवयीची जागा.

कॅप्टन : आज डावीकडे बस. आणि टॅक्सीचं सोडून सगळं तूच बोल. उजवीकडून बोललेलं मलाच दोनदा सांगावं लागलं, पत्रकारांना कधी ऐकू जायचं.