चाळीस खुर्च्या आणि आठ

सुतार : म्हणजे तीन वर्षं तोंड लपवलं की चोराचा साव होतो. असंच ना, वकीलबाई?

वकीलबाई : दावा तीन वर्षांच्या आत लावायचा असतो. तुम्हाला वर चार महिने झालेत.

सुतार : चाळीस खुर्च्या. त्याच्या हॉटेलात लोक आजही त्यांवरच बसतात. खुर्च्यांना मुदत नाही, माझ्या पैशांना आहे.

बायको : अहो, हळू.

सुतार : तू तर बोलूच नकोस. दर वेळी तेच, 'थांबा, ताईचं घर आहे.' साडू म्हणून थांबलो. तुझ्या ताईच्या घरावर दुसरा मजला चढला आणि माझं रंध्याचं मशीन विकलं गेलं.

वकीलबाई : मधल्या काळात त्यांनी लिहून दिलंय काही? देणं मान्य आहे, असं? खाली सही असेल तर त्या तारखेपासून मुदत नव्याने मोजतात.

बायको : दिलंय की. दुसऱ्या वर्षी, जाड पुठ्ठ्यावर. हे बघा.

वकीलबाई : हे असं वाकडं का कापलंय?

(सुतार पुठ्ठ्याच्या कापलेल्या कडेवरून अंगठा फिरवतो.)

बायको : सांगा ना आता.

सुतार : पुठ्ठा चांगला होता. खुर्चीच्या हाताचा फर्मा काढला.

वकीलबाई : 'चाळीस खुर्च्यांचे पैसे देणे आहे, ते मी' आणि इथून गोलाई. सही?

सुतार : भुशात गेली असेल.

बायको : आणि मी बोलायचं नाही. मी नुसतं तोंडाने थांबवलं. कात्री तुम्ही चालवलीत.

सुतार : सुरी होती.

बायको : त्या फर्म्यावर पहिल्या खुर्च्या कुणाच्या केल्या, तेही सांगा की.

सुतार : त्याच्याच. आठ. वरच्या मजल्यासाठी. फोन तुझ्या ताईचाच आला होता.

वकीलबाई : त्याही उधार? कधी पोचवल्या?

बायको : मागच्या वर्षी. माल पोचल्याच्या चलनावर भावोजींची सही आहे. माझ्याकडे आहे ते, अख्खं.

वकीलबाई : मग त्या आठांची मुदत आहे अजून. चाळीस विसरा.

सुतार : विसरा म्हणे. हाताला घट्टे पडलेत त्यांचे.

वकीलबाई : आठांची नोटीस काढायची की नाही?

सुतार : हिला विचारा. ताईचं घर आहे.

(बायको चलनाची घडी उलगडून टेबलावर ठेवते.)

बायको : पत्ता लिहून घ्या, बाई. दुसरा मजला, जिन्यासमोरचं दार. आणि पाकिटावर आमचं नाव ठळक घाला. टपाल ताईच घेते.