चिऱ्याचे तीन थर

लागलं ना? लागणारच. मी बोलत होतो वाका, वाका, साहेब — तुम्ही आपले फोनात. बसा, त्या बाकड्यावर बसा. बघू... न्हाय, रगत न्हाय, टेंगूळ येईल फक्त. नूतन, पाणी आण गं, माठातलं आण. ही बायको माझी. हसू नको गं, कंपनीचा साहेब हाय, एचआरचा, माणगाववरनं एवढ्या उन्हात आलाय आणि आपल्या चौकटीनं पहिलाच प्रसाद दिला. पावणेपाच फुटांची हाय चौकट. मी पाच-आठ. पंचेचाळीस वर्षं ह्या घरात ऱ्हातोय, अजून महिन्यातनं एकदा मलाही लागते, तुमचं काय घेऊन बसलात. म्हणून तर काढतोय. ते बघा अंगणात — जांभ्या दगडाचे दोनशे चिरे आणून टाकलेत. चारी बाजूनं तीन थर वर चढवणार, म्हणजे छप्पर वर, म्हणजे दार वर. सात फुटांचं दार करणार मी. वर बघा, पुढल्या अंगाची कौलं उतरवलीत, म्हणून ऊन येतंय तुमच्या डोक्यावर. सरका थोडं. तो फोटो प्लास्टिकमधी बांधलाय तो बाबासाहेबांचा हाय, धूळ नको म्हणून.

न्हाय, तो कागद ठेवा बाजूला. ठेवा हो. पाणी प्या आधी. त्यात काय हाय ते मला ठाऊक हाय — सातवी नापास हाय मी, पण वाचता येतं मला. सही करायची आणि एक तारखेपासून कामावर, असंच ना? सतरा वर्षं केली मी कंपनी. सतरा वर्षांत चार खाडे, त्यातले दोन बापूस मेला तवाचे. आणि एका दिवसात गेटवर नाव लावलं, ह्याला आत सोडू नका. वॉचमन माझ्याच गावचा, तो खाली बघतोय, मी त्याच्याकडं बघतोय. आणि आता दीड महिन्यानं तुम्ही कागद घेऊन दारात? मला गरज न्हाय. अठरा तारखेचं तिकीट हाय माझं, मस्कतचं. म्हसळ्याचा नझीरभाई हाय तिथं, वीस वर्षं झाली त्याला, त्यानं लावलंय काम. तिथं एका शेठचं जुनं घर हाय, दगडाचं, पडायला आलेलं, त्याचं हॉटेल करायचंय — दगडातला माणूस पाहिजे बोलला. मी बोललो, मी हाय की! माझा बापूस चिऱ्याच्या खाणीवर होता, पाचवीपासनं सुट्टी लागली की मी त्याच्याबरोबर. ओळंबा धरायला शाळेतल्या मास्तरनं न्हाय शिकवलं मला. दोन वर्षांचा करार हाय. दोन वर्षं त्या शेठचं घर उभं करायचं, पण त्याच्याआधी माझं. आय आणि नूतन ऱ्हाणार इथं. पाऊस महिन्यावर आलाय आणि डोक्यावर अर्धी कौलं न्हायत — एवढी घाई हाय मला, समजलं? आणि तुम्ही कागद दाखवताय.

सुतार? कुठला सुतार? हां, ते बाहेर रंधा पडलाय म्हणून विचारताय. सदा सुताराचा हाय. गेला तो. परवा भांडण करून गेला, रंधा पण न्हाय नेला. मला बोलतो, रत्नपाल, छप्पर वर न्हेऊ नको, वारा खाईल. मी बोललो तू वासे बसव, वाऱ्याचं मी बघतो. तो बोलतो तू कसा बघणार, तू मस्कतला. झालं! डोकं फिरलं माझं. बोललो चालता हो, गेला. आता तुम्हीच सांगा, आख्खी दुनिया उंच घरं बांधते, दिवेआगरला जाऊन बघा, पाव्हण्यांसाठी दोन-दोन माळे चढवलेत, आणि आम्हीच का बिळात ऱ्हायचं? बापूस माझा, किसन जाधव, तो गावात वर निघाला की वेशीपासनंच मान खाली. कोण समोर आला न्हाय तरी खाली. सवय. आणि घर बांधलं तेही तसलंच — आपल्याच घरात शिरायला मान खाली! मी पंधरा वर्षांचा होतो, कपाळ फुटलं माझं, हे बघा खूण अजून हाय. मी ओरडलो त्याच्यावर, असलं कसलं दार केलंस? तर हसला. बोलला, वाक की, काय मोडतंय तुझं. तीस वर्षं ते हसू माझ्या डोक्यात हाय. तवाच ठरवलं, एक दिवस ही चौकट मी काढणार.

काय? कॉलर. हां, धरली. धरली कॉलर त्या शिफ्ट इंचार्जची, दहा माणसांसमोर धरली, आणि परत धरीन. त्याची माफी तुमच्या कागदात हाय ती जाऊ द्या, ती मी एक वेळ मागेन पण. टाकी साफ करायला उतरलेला आमच्यातला गणराज, त्याला वर काढला, तो निळा पडलेला, आणि हा माणूस पळत येऊन पहिला शब्द काय बोलला? डॉक्टर न्हाय, गाडी न्हाय — फोटो काढू नका! तुम्ही काय केलं असतं, साहेब? गणराजला आता ही आमची घाटी चढवत न्हाय, मधी दोनदा बसतो. माझ्यापेक्षा सहा वर्षांनी ल्हान हाय तो. मास्कची नळी फाटलेली होती, चार महिने, मी तीनदा बोललो होतो स्टोअरला. ते कुठं हाय तुमच्या कागदात? कागदात काय हाय तर दोरीवरचा माणूस, म्हणजे टाकीतल्याची दोरी वरनं धरणारा मी, जागेवर नव्हता, सगळी चूक माझी. बस्. जागेवर नव्हता. अहो, दोन मिनटं! शेडमधी रेंज न्हाय, म्हणून बाहेर गेलो फोन घ्यायला, दोन मिनटं... पाच. पाच असतील. आता त्या फोनला काय करणार — घरनं आयचा फोन, लागोपाठ तीनदा आला, माणूस घेणारच. वासा खाली आलाय बोलली, कौलं फुटली, कधी येतोस. मी तिच्यावरच ओरडत होतो तिथं उभं राहून, आता काय मी उडून येऊ काय, आणि परत येऊन दोरी धरली तर दोरी ढिली. हलवली. जड लागली. कोण हलवत न्हाय खालनं... त्या दोरीचं वजन मला अजून —

आय?

तू कधी आलीस मागच्या दारानं? न्हाय, न्हाय, तुझ्या फोनाचं काय न्हाय त्यात. फोन कोणाचापण आला असता. आय, तू बस. नूतन, बसव तिला. ऐकलं तिनं. च्यायला. दीड महिना सांगितलं न्हवतं घरात, आणि तुम्ही आलात, साहेब, पाणी पिऊन माझ्या तोंडातनं काढून घेतलंत. न्हाय, तुमची चूक न्हाय. माझंच तोंड.

ती बघा तोंड फिरवून बसली. परवापासनंच बोलत न्हाय ती माझ्याशी, सदाला हाकलला तवापासनं. त्या दिवशी एकच बोलली. बोलली, निसर्ग वादळ आलं तवा तू कंपनीत होतास. वाडीतली वरची सगळी घरं उघडी पडली, पत्रे शेतात जाऊन पडले, समाजमंदिराचं छप्पर पण गेलं — आणि सतरा माणसं ह्या घरात येऊन बसली होती. बाळंतीण होती एक, तिचं पोर त्या कोपऱ्यात. आपली अकरा कौलं गेली, अकरा, बाकी घर हललं न्हाय. वारा वरनं निघून गेला. आणि मग ती बोलली, तुझ्या बापानं चौकट कुणाला घाबरून ल्हान न्हाय केली. त्याच्या ल्हानपणी एका वादळात त्याची बहीण गेली, उंच भिंत पडून. म्हणून त्यानं वळचण एवढी खाली ठेवली, की वाऱ्याला हात घालायला जागा नको. मी बोललो, मंग मला का न्हाय सांगितलं त्यानं? तर बोलली, तू विचारलंस कुठं, तू ओरडलास.

तीस वर्षं, साहेब. तीस वर्षं मी त्याला भित्रा समजत होतो.

आणि परवा हे ऐकून पण मी चिरेवाल्याला फोन केला, अजून पन्नास पाठव बोललो. असला हाय मी.

पेन हाय काय? द्या. कागद पण द्या, घाबरू नका, फाडत न्हाय. इथं लिहिलंय, मी जागेवर नव्हतो. खरं हाय. ऱ्हाऊ द्या तसंच. कॉलरची माफी — ऱ्हाऊ द्या. आता ह्याच्याखाली माझ्या अक्षरात... थांबा, हात नका लावू... मास्कची... नळी... फाटलेली होती. चार महिने. तीनदा सांगितलं. काय चुकलं त्यात? सगळी चूक माझी, हे मी खोडतो. आणि ही सही. रत्नपाल किसन जाधव. घ्या.

काय? असं चालत न्हाय? टाइप केलंय तेवढ्यावरच पाहिजे सही? मंग तुम्हाला हा कागद नको. नको ना? ओढू नका, साहेब, सोडा, फाटेल. तुम्हाला नको तर ऱ्हाऊ द्या माझ्याकडं. पुढच्या आठवड्यात सरकारी माणूस येणार हाय ह्या अपघाताच्या चौकशीला, त्याला दाखवायला हा गणराजला देतो. माझी चूक लिहिलीय त्यात, तुमची पण लिहिलीय, त्याला काय उपयोग होईल तो होईल. तुमची एक तारीख तुम्हाला लखलाभ. मी अठराला चाललो.

निघा आता. मला सदाला फोन करायचाय. आधी त्याच्या शिव्या खायच्यात, मग बोलतो रंधा इथंच हाय, ये, छप्पर होतं तिथंच बसवू, वासे फक्त बदलू. चिरे? चिऱ्यांची आयला न्हाणी बांधतो, पक्की. अंगणाच्या कडेला जाते ती अजून, ह्या वयात. बघ की इकडं, आय. न्हाणी बांधतो बोललो. दार केवढं ठेवू ते तू सांग.

चपला तिकडं हायत तुमच्या, बाकड्याखाली. बॅग घ्या. आणि वाकून, साहेब.

अजून.

अजून थोडं.