खिडकीची जागा

दंतवैद्याच्या दवाखान्यात दोन जावा नंबराची वाट पाहत होत्या. शेजारी गालाला रुमाल लावून बसलेल्या मास्तरांना बोलता येत नव्हतं, ऐकू मात्र सगळं येत होतं. थोरलीनेच विषय काढला.

“वाफेच्या गाडीत बसून आलीस म्हणे. डोळ्यांत कोळसा गेला असेल.”

“थोडा गेला, ताई.”

“आणि चाल बैलगाडीची.”

“म्हणून तर शेतं, दरी, पूल, सगळं नीट बघता आलं.”

“भाऊजींच्या खांद्यावरून बघितलं असशील.”

“नाही, खिडकीशी मीच होते.”

“जाताना.”

“येतानासुद्धा.”

“मागून घेतलीस?”

“मागायचं काय त्यात? तेच सरकले.”

थोरलीने पर्स उघडली आणि तशीच बंद केली.

“आमच्या ह्यांना खिडकी नसली की मळमळतं.”

“अजून?”

“लग्न करून मला घेऊन आले, त्या दिवसापासून.”