अजिनाथआप्पांचं बुकिंग

...तर मला सांगा, जे काम दिसतच न्हाई ते करनाऱ्याला पोरगी द्यायची कशी? हे माझं म्हननं न्हाई हां, आमच्या दाजींचं, खर्ड्याच्या अजिनाथआप्पांचं! तुमाला सांगतो, मानूस लई चांगला, पन संशयी... बियानं घेतलं तर पिशवी उलटी करून शिवन तपासनारा! त्यांच्या पोरीला, संस्कृतीला, केडगावचं स्थळ आलं. पोरगा अमृत, काम काय तर वेबसाईट बनवतो, ते बी घरी बसून. आप्पा तिथंच म्हनले, "काहीतरी काळंबेरं हाय."

पोरीच्या मनात अमृत भरलेला, हे आमच्या ताईनं, केशरबाईनं, ओळखलेलं. मग काय, चौकशीला आप्पा आनि मी केडगावला! अमृतनं बिचाऱ्यानं समजावलं, की मामा, डिझायनर कसं दिसायचं ते आखतो, फ्रंटएंडवाला ते पडद्यावर उभं करतो, बॅकएंडवाला मागची सगळी माहिती सांभाळतो, टेस्टर चुका काढतो, आनि मी फ्रंटएंडवाला. आप्पांचे डोळे बारीक! म्हंजे हा नुसतं पुढून दाखवनार, मागचं दुसऱ्याच्या हातात? आनि चुका काढायला पगारी मानूस, म्हंजे चुका होनार हे आधीच ठरलेलं? काळंबेरं हाय!

"काम दाखव," म्हनले. अमृतनं जामखेडच्या एका मंगल कार्यालयाची नवी वेबसाईट उघडून लॅपटॉप पुढं ठेवला आनि चहा सांगायला आत गेला. आता कार्यालयवाले एकच तारीख दोघांना देत्यात, हा आप्पांचा जुना संशय. बघू म्हनले पकडून... बुकिंगच्या रकान्यात टाकली एक तारीख. नवरीचं नाव? दुसरं कुठलं सुचनार, संस्कृती! नवरदेव? घरात होता त्याचंच टाकलं! नंबर स्वतःचा. मी आपला "दाजी, दाजी" करतोय, तवर दाबलं की हो बटन...

लगेच फोन, कार्यालयाचे मालक, आप्पांच्या ओळखीचे राधाकृष्णशेठ! अभिनंदन आप्पा, तारीख तुमची! आनि शेठच्या पोटात काय राहतंय का? आमी खर्ड्यात पोचतोय तर बायका दारात, हळद कधी म्हनून विचारायला. आता शेठला तोंडानं न्हाई म्हनावं तर लोक म्हननार, पोरीतच खोट असंल. आप्पा म्हनत्यात, लॅपटॉप ठेवून मुद्दाम आत गेला, काळंबेरं हाय!

संस्कृती खाली मान घालून म्हनली, आप्पा, नको असंल तर गुपचूप रद्दचं बटन दाबा, कोनाला कळनार न्हाई. लावला अमृतला फोन.

"मामा, ते बटन अजून बनवायचं राहिलंय."

"मग बनवनार कोन?"

"फ्रंटएंडवाला... म्हंजे मीच."

परवा सुपारी फुटली. बटन? कुठलं होतंय... जावईबापूंना लग्नाच्या गडबडीत सवड कुठाय!