गोलकीपरच्या कार्डाचा कोपरा

— नाही हो, कार्ड प्लास्टिकमधून काढूनच द्या. तुम्ही विकणार, मी घेणार, बघून घ्यायला नको? घाबरू नका, कडेनंच धरते, बाबांनी शिकवलंय. आधी दिव्याखाली तिरकं धरायचं — कडा कापून नव्या केल्या असतील तर लगेच कळतं. मग मागची बाजू. मग वास. हसू नका! जुन्या पुठ्ठ्याला स्वतःचा वास असतो, नव्या नकलेला नुसती शाई. हं... अस्सल आहे. बाबांकडे होतं हेच, याच गोलकीपरचं. जीव की प्राण! होतं म्हणजे — जाळलं त्यांनी. कार्डांचा अख्खा अल्बमच. मी त्यांच्या मनाविरुद्ध लग्न केलं ना, तर रागाच्या भरात गच्चीवर नेऊन पेटवला म्हणे. दादानं सांगितलं, माझ्या थोरल्या भावानं. तुझं नाव काढलं तरी चवताळतात, म्हणाला, येऊ नकोस. मग काय, नाही गेले. मीही हट्टी, त्यांचीच लेक. ते वारले तेव्हासुद्धा नाही गेले. जाऊ दे, तुम्हाला कशाला हे सगळं. निदान तसलंच एक जवळ असावं, एवढंच.

कोपऱ्याचं काय म्हणालात? उंदरानं कुरतडलाय? बघू... थांबा. दिवा इकडे करा जरा. अहो, उंदीर कसला, हे दात आहेत — बाळाचे. दोन वर, दोन खाली. माझे आहेत हो! रांगत जाऊन तोंडात घातलं होतं मी. कोपरा कापून सरळ करा, असं कुणी म्हटलं की बाबा म्हणायचे, असू दे, माझ्या लेकीची सही आहे ती.

मग हे जळलं कसं नाही?

कुणी विकलं तुम्हाला? उंच? बोलताना सारखी कानाची पाळी ओढतो? ...आणि बाकीचा अल्बम? धड आहे? अख्खा? म्हणजे बाबांनी काही जाळलंच नव्हतं! अरे देवा — आणि मी इतकी वर्षं त्यांना दगड म्हणत बसले. केसानं गळा कापला मेल्यानं, सख्ख्या भावानं! नको, पाणी नको मला. काय? अल्बम घेऊन आत्ताच यायचाय तो? मग खुर्ची द्या, मी हलत नाही इथून. — हा बघा, आलाच. तुम्ही जरा आत जा. जा म्हणते ना!

ये दादा. बाबा माझी वाट बघत होते का रे?